मुरूम गेले, खुणा राहिल्या!

लग्नाची तारीख ठरली, की महिनाभर आधी चेहरा नितळ करून घेण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना गाठणारे तरुण-तरुणी आपल्याकडे कमी नाहीत. तारुण्यपिटिका केव्हाच ओसरलेल्या असतात. गालांवर उरलेले असतात काळपट डाग आणि बारीक खड्डे. या दोन्ही खुणा एकाच मलमाने घालवण्याचा खटाटोप केला जातो आणि निराशेची सुरुवात तेथेच होते. वस्तुतः डाग हा रंगाचा दोष आहे, तर खड्डा त्वचेच्या घडणीचा.

मुरमाभोवती दाह होतो, तेव्हा मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. गव्हाळ व सावळ्या त्वचेत त्या अधिक तत्पर असतात. त्यामुळे गोऱ्या चेहऱ्यावर जेथे लालसर खूण राहते, तेथे भारतीय चेहऱ्यावर तपकिरी डाग उमटतो. रंगद्रव्य वरच्या थरात असेल, तर काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो. ते खोल उतरले असेल, तर निळसर-करडी छटा येते आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळते. खड्ड्याच्या ठिकाणी मात्र दाहामुळे आतले कोलॅजेनच नष्ट झालेले असते. ते क्रीमने भरून येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

डागांवर अॅझेलाइक आम्ल, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन ही औषधे आणि ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य 'पील' उपयोगी पडतात. अमेरिकेतील क्लिगमन व विलिस यांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण मांडले. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी वापरायचे औषध. आपल्याकडे मात्र तशाच धर्तीची मलमे 'गोरे होण्याचे क्रीम' म्हणून औषधाच्या दुकानातून थेट घेतली जाऊ लागली. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणीही तेच मलम आणतात. पुढे त्वचा पातळ होते, केस उगवतात, आणि ज्या मुरमांपासून सुटका हवी होती, तेच नव्याने फुटतात. स्टिरॉइडयुक्त मलमांच्या मुक्त विक्रीला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. तरीही चिठ्ठीवाचून खरेदी पूर्णपणे थांबलेली नाही.

खड्ड्यांचे उपचार त्यांच्या आकारावर ठरतात. काही खड्डे लाटेसारखे उथळ असतात. तेथे आतील तंतू त्वचेला खाली ओढून धरतात. जागा बधिर करून, त्वचेखाली सुई फिरवून ते तंतू तोडावे लागतात. याला 'सबसिजन' म्हणतात. दाभणाने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांवर याचा फारसा उपयोग नाही. त्यांच्या तळाशी तीव्र ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचा सूक्ष्म स्पर्श दिला जातो. कोरियातील डॉक्टरांनी २००२ मध्ये ६५ व १०० टक्के तीव्रतेचे आम्ल वापरून ही पद्धत मांडली होती. घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग नव्हे, हे सांगायलाच हवे. उभ्या कडांच्या पसरट खड्ड्यांसाठी 'फ्रॅक्शनल' लेझर किंवा बारीक सुयांचे 'मायक्रोनीडलिंग' वापरतात. नियंत्रित इजा करून त्वचेला नवे कोलॅजेन बनवायला लावणे, हे त्यामागचे तत्त्व. साधारण महिन्याच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात आणि शेवटच्या बैठकीनंतरही सुधारणा काही महिने चालू राहते. खड्डे उथळ होतात. पूर्ण पुसले जातील, असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहणेच बरे.

खरी मेख पुढेच आहे. लेझरची उष्णता हीदेखील त्वचेला इजाच. तीव्रता जास्त झाली, तर ज्या त्वचेवर मुरमाने डाग पडला, तिच्यावर उपचारानेही पडतो. म्हणून अनुभवी तज्ज्ञ गव्हाळ त्वचेसाठी लेझरची मात्रा बेताची ठेवतात आणि शंका असल्यास आधी लहानशा भागावर चाचणी घेतात. नवे मुरूम येत असतील, तर आधी ते आटोक्यात आणावे लागतात. एरवी एकीकडे खड्डे भरायचे आणि दुसरीकडे नवे पडायचे.

उपचारांच्या काळात सनस्क्रीन चुकवून चालत नाही. केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेतील डाग गडद करतो. साध्या पारदर्शक सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते सनस्क्रीन लावण्याचा सल्ला आता दिला जातो.