सिंधी हिंदू अल्पसंख्याक कसे?

चेंबूरच्या विवेकानंद एज्युकेशन सोसायटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सिंधी विद्यार्थ्यांसाठी अल्पसंख्याक म्हणून राखीव जागा असतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यावरून हमखास प्रश्न येतो: सिंधी तर हिंदू, मग अल्पसंख्याक कसे?

‘अल्पसंख्याक’ म्हणजे अमुक एकच धर्म, हा समज यामागे आहे. संविधानाचं कलम ३० (स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क) धर्मावर किंवा भाषेवर आधारित, अशा दोन्ही अल्पसंख्याकांना लागू होतं. कोण अल्पसंख्याक, हे राज्यनिहाय ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केलं. एकच बाई माहेरी नणंद असते आणि सासरी भावजय, तसंच हे. माणूस बदलत नाही, घर बदलतं.

चेंबूरचा दाखला मला फार बोलका वाटतो. १९४७ मध्ये धर्माच्या नावावर फाळणी झाली. सिंधमध्ये अल्पसंख्याक ठरलेले हिंदू घरदार सोडून इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आले. इथे धर्माने ते बहुसंख्याकांत मिसळले, भाषेने मात्र थोडके उरले. त्यांच्यातल्याच हशू अडवाणींनी १९६२ मध्ये ही संस्था उभी केली. तिथे बिगरसिंधी मुलंही शिकतात, कारण अल्पसंख्याक संस्था म्हणजे इतरांना दार बंद, असंही नाही.

आणि मराठी माणसाने हे कलम परक्याचं समजू नये. बेळगावात मराठी भाषकांनाही याच कलमाचा आधार आहे.