वलगावच्या उन्हातील पेट्रोल : तापमान, घनता व आकारमान

अकोल्याजवळील गायगावच्या डेपोतून भरलेला टँकर वैशाखात वलगावच्या पंपावर आला, असे समजू. इंधन उतरविण्यापूर्वी पंपचालक काचेच्या जारमध्ये हायड्रोमीटर व तापमापक बुडवितो आणि मिळालेली घनता तक्त्याच्या साहाय्याने १५ अंश सेल्सिअसवर आणतो. त्याविना डेपोच्या चलनावरील आकड्याशी तुलनाच संभवत नाही.

१५ अंशांस घनता (घ) दर घनमीटरला ७४० किलोग्रॅम धरू. ए.एस.टी.एम.च्या १९८० च्या पेट्रोलविषयक सूत्रानुसार प्रसरणांक = ३४६.४२२८/घ² + ०.४३८८/घ, म्हणजे दर अंशास सुमारे ०.००१२२६. २५ अंशांची वाढ घेता साध्या गुणाकाराने ४० अंशांची घनता ७१७.३ येते; मूळ घातांकी सूत्राने ७१७.१. वर्गात शिकविण्यास पहिली रीत पुरेशी आहे. १५ अंशांचे १२,००० लिटर पेट्रोल ४० अंशांस सुमारे १२,३८० लिटर भरते. वस्तुमान मात्र तेवढेच राहते, आणि ग्राहक पैसे मोजतो ते लिटरचे.

खरी मेख तापमापकात आहे. घनतेतील मान्य तफावत केवळ ३ किलोग्रॅम असून एका अंशाने ती सुमारे ०.९ ने बदलते. तापमापक चार अंशांनी चुकला, की शुद्ध पेट्रोलही भेसळीचे ठरेल, अथवा भेसळीचे शुद्ध. शिवाय हे सूत्र हायड्रोकार्बनांसाठीचे आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ते अंदाजानेच लागू होते.