अ‍ॅपमध्ये ‘६ आठवडे’ दिसतंय, मग बाळाचं वय किती? जेस्टेशनल एज म्हणजे काय, समजून घ्या



प्रेग्नन्सी ट्रॅकर अ‍ॅपबद्दल मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. “लग्नाला पाचच आठवडे झालेत, मग अ‍ॅपमध्ये आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सहा आठवडे कसे?” विचारणारा नवरा असेल तर त्यामागे शंका असते. म्हणून आधीच सांगतो, अ‍ॅप बरोबर आहे, रिपोर्ट बरोबर आहे आणि बायकोचंही काही चुकलेलं नाही. फरक फक्त मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

जेस्टेशनल एज म्हणजे काय?

जेस्टेशनल एज म्हणजे गरोदरपणाचे आठवडे. ते शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. रिपोर्टवर हीच तारीख ‘एलएमपी’ म्हणून लिहिलेली असते.

पण त्या दिवशी पोटात भ्रूण नसतोच! २८ दिवसांचं चक्र असेल तर स्त्रीबीज साधारण १४व्या दिवशी बाहेर पडतं आणि त्याच सुमारास फलन होतं. म्हणजे पहिले दोन आठवडे फक्त हिशोबातले. रिपोर्टमध्ये सहा आठवडे असतील तर भ्रूणाचं वय साधारण चार आठवडे. आता लग्नाच्या तारखेशी जुळवून बघा.

मग फलनापासून का मोजत नाहीत?

कारण फलन नेमकं कधी झालं ते कळत नाही. पाळीची तारीख मात्र लक्षात राहते. याच तारखेत २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख मिळते. उदाहरणार्थ, पाळी १ जानेवारी २०२५ ला आली असेल तर ही तारीख ८ ऑक्टोबर २०२५ येते.

गुगलवर वेगळे आकडे का दिसतात?

भ्रूणशास्त्राची पुस्तकं वय फलनापासून मोजतात. तिथे लिहिलेलं असतं की हृदयाचे ठोके साधारण २२व्या दिवशी सुरू होतात. डॉक्टरांच्या मोजणीत तेव्हा पाच आठवडे उलटलेले असतात. तसंच पुस्तकात आठ आठवड्यांपर्यंत ‘भ्रूण’ आणि नंतर ‘गर्भ’ म्हणतात. डॉक्टरांच्या हिशोबात तो दहावा आठवडा. म्हणून कुठलाही आकडा वाचताना मोजणी कुठून सुरू केली आहे ते आधी पाहा.

अ‍ॅपमध्ये काय तपासाल?

१. चक्राचे दिवस: बरीच अ‍ॅप्स २८ दिवस धरून चालतात. तुमचं चक्र ३५ दिवसांचं असेल तर स्त्रीबीज साधारण आठवडाभर उशिरा बाहेर पडतं. सेटिंगमध्ये हा आकडा बदला.

२. सोनोग्राफीची तारीख: पहिल्या तीन महिन्यांत बाळाची लांबी मोजून काढलेलं वय सगळ्यात भरवशाचं असतं. डॉक्टरांनी त्यावरून तारीख बदलली तर अ‍ॅपमध्येही बदला.

३. आयव्हीएफ असेल तर: पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडला, तर त्याच दिवशी जेस्टेशनल एज २ आठवडे ५ दिवस धरतात.

हा फरक कळला नाही तर काय बिघडतं?

काही तपासण्यांची वेळ आठवड्यांवर ठरते. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यानची एनटी सोनोग्राफी त्यातलीच एक. स्वतःच दोन आठवडे वजा केलेत तर ती वेळ निघून जाईल.

गर्भपाताच्या कायद्यातही आठवड्यांना महत्त्व आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये ठरावीक गटांतल्या महिलांनाच परवानगी आहे आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं. डॉक्टर इथे जेस्टेशनल एजच धरतात. “बाळ तर अठरा आठवड्यांचंच आहे, अजून वेळ आहे” असं समजून थांबलात, तर डॉक्टरांच्या कागदावर वीस आठवडे झालेले असतील.

म्हणून अ‍ॅपमधला आकडा पाहून स्वतः काही वजा करू नका आणि कुणावर संशयही घेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, “हे आठवडे पाळीपासूनचे की सोनोग्राफीवरून काढलेले?” ते जी तारीख सांगतील तीच अ‍ॅपमध्ये टाका. आणि घरात कुणी बोटांवर महिने मोजत बसलं असेल, तर हा लेख त्यांनाही पाठवा.