दोरी ओढली, तरी बोट का सुरू होत नाही?

जुलै 2022 सारखा पूर आला की वर्धा जिल्ह्यात वणा, यशोदा या नद्यांच्या काठी बचावबोटी उतरवाव्या लागतात. बोटीमागे टांगलेल्या लहान इंजिनाला बरेचदा बॅटरी नसते. ठिणगी दोरीच्या झटक्यातूनच मिळते. झटक्याने फ्लायव्हील फिरते, त्यातले चुंबक तारेच्या गुंडाळीजवळून सरकतात आणि सायकलच्या डायनामोसारखी वीज तयार होते. इग्निशन कॉइल तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवते. तेव्हा कुठे ती स्पार्क प्लगच्या टोकाची जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडते. वायर ओली किंवा तडकलेली असली, तर वीज वाटेतच गळते.

बिघाड शोधताना आधी चालकाच्या मनगटाला बांधलेली सुरक्षादोरी पाहावी. तिची क्लिप सुटली असेल, तर इंजिन मुद्दामच बंद राहते. मग प्लग काढावा. पेट्रोलने ओला निघाला, तर इंधन पोचते आहे, संशय ठिणगीवर. कोरडा असेल, तर टाकी, नळी, कार्ब्युरेटर तपासावे. ठिणगी तपासताना ती निळी, कडक हवी. पिवळट, अशक्त ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली टिकत नाही. ही चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ कधीही करू नये. पावसाळ्यात नवा प्लग आणि पाना बोटीतच ठेवावा.