विमान दुसरीकडेच उतरलं, तर कस्टमचं काय?

विमानप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते तिकीट, बोर्डिंग पास, इमिग्रेशनची रांग आणि शेवटी कस्टमचा हिरवा किंवा लाल मार्ग. विमान कुठे उतरणार, तिथे अधिकारी असतील की नाही, याची चिंता प्रवाशाला करावी लागत नाही. ती जिम्मेदारी कंपनीची. पण जगात दररोज हजारो छोटी खासगी विमानं उडतात. दोन, चार किंवा सहा माणसांची. त्यांतली काही एका देशातून दुसऱ्या देशात जातात. तिथे ना कंपनी, ना काउंटर, ना मदतनीस. पायलटच सगळं. विमान चालवायचं त्यानेच, कागद भरायचे त्यानेच आणि उत्तरही द्यायचं त्यानेच.

आता समजा, अशा पायलटने रीतसर परवानगी घेतली, अमुक विमानतळावर अमुक वाजता उतरतो असं कळवलं, आणि वाटेत वादळ आलं. किंवा इंजिन कुरकुर करू लागलं. त्याला दुसरीकडे उतरावं लागलं. तिथे कस्टमचा माणूसच नाही. मग तो गुन्हेगार ठरतो का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात कधी कधी माणसाचा जीव अडकलेला असतो. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

मूळ नियम काय आहे?

७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. आज १९३ देश त्याला बांधलेले आहेत, भारतही त्यात आहे. या करारातल्या तीन कलमांवर आपला विषय उभा आहे.

कलम १० सांगतं की बाहेरून येणाऱ्या विमानाने, त्या देशाचा तसा नियम असेल तर, कस्टम आणि इतर तपासणीसाठी नेमून दिलेल्या विमानतळावरच उतरावं. कलम १३ सांगतं की प्रवासी, कर्मचारी आणि माल यांना त्या देशाचे प्रवेशाचे, पासपोर्टचे, कस्टमचे आणि आरोग्य तपासणीचे कायदे पाळावे लागतील. आणि कलम २५ सांगतं की संकटात सापडलेल्या विमानाला, मग ते कुठल्याही देशाचं असो, शक्य ती सगळी मदत करायची.

म्हणजे एकीकडे दरवाजा ठरलेला आहे. दुसरीकडे, घरात आसरा मागणाऱ्याला बाहेर ठेवायचं नाही, हेही ठरलेलं आहे. या दोन गोष्टींचा मेळ घालायचं काम प्रत्येक देशाच्या कायद्याने केलं आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी कस्टम्स अॅक्ट, १९६२ आहे. त्याचं कलम २९ मुद्दाम वाचण्यासारखं आहे, कारण ते फार सरळ लिहिलेलं आहे.

पहिला भाग: भारतात येणाऱ्या विमानाने पहिल्यांदा कस्टम विमानतळावरच उतरायचं. वेगळी परवानगी असेल तरच अपवाद. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर इथे कस्टमची व्यवस्था आहे. बारामती किंवा धुळ्याच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमानं उडतात, म्हणून परदेशातून आलेलं विमान थेट तिथे उतरवता येत नाही.

दुसरा भाग: अपघात, खराब हवामान किंवा टाळता न येणारं दुसरं काही कारण असेल, तर ही अट लागू होत नाही. पायलट जवळ मिळेल तिथे उतरू शकतो. पण उतरल्याबरोबर त्याच्यावर तीन बंधनं येतात. एक, जवळच्या कस्टम अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लगेच कळवायचं, आणि त्यांनी मागितली तर लॉगबुक दाखवायची. दोन, त्यांच्या संमतीशिवाय माल उतरवू द्यायचा नाही आणि कुणाला विमानाजवळून जाऊ द्यायचं नाही. तीन, ते देतील त्या सूचना पाळायच्या. हे बंधन फक्त पायलटवर नाही. प्रवाशांनीही परवानगीशिवाय तिथून हलायचं नाही.

इथे पोलीस ठाण्याचा उल्लेख का आहे, ते लक्षात घ्या. कस्टमचं ऑफिस शंभर किलोमीटरवर असू शकतं. पोलीस ठाणं मात्र बहुतेक ठिकाणी जवळपास सापडतं. शेतात विमान उतरवलेल्या माणसाने कस्टम शोधत फिरू नये, एवढा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला आहे.

तिसरा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. आरोग्य, सुरक्षितता, किंवा जीव आणि मालमत्ता वाचवणं यासाठी गरज असेल, तर माणसांनी विमानापासून दूर जाणं किंवा सामान हलवणं याला या कलमाची आडकाठी नाही. विमानातून धूर येत असेल तर परवानगीची वाट बघत बसायचं नाही. कुणाच्या छातीत दुखत असेल तर आधी दवाखाना, मग पंचनामा.

थोडक्यात, मजबुरीने जागेची सूट मिळते, कळवण्याची सूट मिळत नाही. आणि जीव या दोन्हींच्या वर आहे.

अमेरिकेतला खासगी पायलट

अमेरिकेत खासगी विमानांचं प्रमाण खूप मोठं आहे, म्हणून तिथले नियमही बारीक आहेत. उदाहरण घेऊ. एक पायलट बहामा बेटांवरून फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला निघतो. निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी त्याला विमानातल्या प्रत्येक माणसाची माहिती इंटरनेटवरून अमेरिकन कस्टमला पाठवावी लागते. तिकडून होकार आल्याशिवाय निघता येत नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानांसाठी ठरलेले विमानतळ आहेत, आणि वेगळी सवलत नसेल तर सीमेपासून जवळच्या ठरलेल्या विमानतळावर उतरावं लागतं. अमली पदार्थांची चोरटी वाहतूक याच बाजूने होत आली आहे, म्हणून ही कडक शिस्त.

आता फ्लोरिडात दुपारी ढग जमले, गडगडाट सुरू झाला. फोर्ट पिअर्स दिसेना. पायलटने वेस्ट पाम बीचकडे वळायचं ठरवलं. तिथेही कस्टम आहे. पण होकार मिळाला होता तो फोर्ट पिअर्सचा. म्हणून त्याने रेडिओवरून नियंत्रकाला सांगायचं की मी वळतोय, कस्टमला कळवा. उतरल्यावर विमान सांगितलेल्या जागी उभं करायचं, आणि अधिकारी येईपर्यंत कुणी उतरून इकडे तिकडे जायचं नाही.

कस्टम नसलेल्या ठिकाणीच उतरावं लागलं तर? अमेरिकन नियम आपल्या कलम २९ च्या सख्ख्या भावासारखा आहे. पायलटने किंवा विमानाच्या मालकाने कस्टमला कळवून प्रवासाची आणि संकटाची पूर्ण हकीकत द्यायची. माणसं आणि सामान जागेवर ठेवायचं. आरोग्य, सुरक्षितता किंवा जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढीच मोकळीक. जे विमान अमेरिकेला जाणारच नव्हतं पण संकटामुळे तिकडे वळलं, त्याच्यासाठी माहिती पाठवण्याची मुदत उतरण्याआधी ३० मिनिटं अशी आहे. तीही जमली नाही, तर संकट कसलं होतं आणि विमानात तशी सोय होती का, हे बघितलं जातं.

आणि काहीच न कळवता निघून गेला तर? कायद्यात पहिल्या वेळेला ५,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वेळेला १०,००० डॉलर दंड आहे. विमानही जप्त होऊ शकतं.

एवढी कडक शिस्त कशाला?

काही जणांना वाटेल, वादळातून वाचून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं सोडून कागद कसले मागता? याचं उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका मालवाहू विमानातून शस्त्रांचा मोठा साठा खाली टाकण्यात आला. काही दिवसांनी तेच अँटोनोव्ह विमान पुन्हा भारताच्या हवाई हद्दीतून जात असताना त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं गेलं. विमानाचे पाच कर्मचारी आणि ब्रिटिश नागरिक पीटर ब्लीच पकडले गेले. पण ज्याच्यावर मुख्य ठपका होता तो किम डेव्ही मुंबईच्या विमानतळावरूनच निसटला. त्याला भारतात परत आणण्यासाठी पुढे कित्येक वर्षं खटपट झाली. ‘विमानाजवळून कुणी हलायचं नाही’ हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात कोरडं वाटतं. ते पाळलं गेलं नाही तर काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे.

पण याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. त्याच वर्षी, सप्टेंबर १९९५ मध्ये, स्वित्झर्लंडमधून बलूनची एक आंतरराष्ट्रीय शर्यत निघाली. बलूनला सुकाणू नसतं, वारा नेईल तिकडे जावं लागतं. शर्यतीची कल्पना बेलारुसला आधी दिलेली होती. तरीही वाऱ्यासोबत बेलारुसच्या हद्दीत आलेला एक बलून तिथल्या लष्करी हेलिकॉप्टरने पाडला. दोन अमेरिकन स्पर्धक मेले. त्याच शर्यतीतल्या आणखी दोन बलूनमधली माणसं बेलारुसमध्ये उतरली, आणि व्हिसा नसल्याबद्दल त्यांना दंड भरावा लागला.

खरं तर याच्या आधीच, १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं तेव्हा २६९ माणसं मेली होती. त्यानंतर १९८४ मध्ये शिकागो करारात नवीन कलम घालण्यात आलं: हवेतल्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. तरी ११ वर्षांनी बेलारुसमध्ये तेच घडलं. नुसता नियम लिहून भागत नाही. सरहद्दीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो पोहोचावा लागतो.

पायलटने करायचं काय?

छोट्या विमानातून सरहद्दी ओलांडणं हे फक्त परदेशी लोकांचं काम आहे, असं समजू नका. मुंबईची आरोही पंडित हिने २०१९ मध्ये अगदी हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर पार केला. स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत ती कॅनडात उतरली. अशा प्रवासात हवामान घटकेत बदलतं, म्हणून तयारी जमिनीवरच करावी लागते.

निघण्याआधीच पर्यायी विमानतळ ठरवायचा, आणि शक्यतो तो कस्टमवालाच निवडायचा. तिथला फोन नंबर आणि कामाची वेळ लिहून घ्यायची. इंधन एवढं भरायचं की त्या पर्यायापर्यंत पोहोचून वर थोडं उरेल. सगळ्यांचे पासपोर्ट आणि विमानाचे कागद हाताशी ठेवायचे.

हवेत अडचण आली, तर क्रम पक्का आहे. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा ठरवायची, मग बोलायचं. जीवाला धोका असेल तर ‘मेडे’ म्हणायचं आणि ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आकडा लावायचा. तो लावला की रडारवर नियंत्रकाला कळतं, हे विमान संकटात आहे. कस्टमचा विषय त्यानंतर.

उतरल्यावर विमानाजवळ थांबायचं आणि फोन करायचा. किती वाजता वळलो, का वळलो, हवामान काय होतं, कुणाशी बोललो, हे सगळं ताजं असतानाच लिहून ठेवायचं. ‘टाळता न येणारं कारण’ या शब्दांना वजन आहे. इथे पेट्रोल स्वस्त मिळतं, किंवा वाटेत मेहुण्याचं गाव होतं, ही कारणं त्यात बसत नाहीत.

आपला यात काय संबंध?

आपल्यापैकी खासगी विमान कुणाकडे असेल, असं आम्हाला वाटत नाही. पण आखातात कामाला असलेली माणसं घरोघरी आहेत. उमराहला जाणारे आहेत. पावसाळ्यात मुंबईत उतरणारं विमान कधी अहमदाबादला, कधी हैदराबादला वळवलं जातं. प्रवासी आत बसून राहतात. खिडकीतून टर्मिनल दिसतं, पण दार उघडत नाही. लोक चिडतात, आणि लहान लेकरं, म्हातारी माणसं सोबत असली तर चिडणं साहजिकच आहे.

त्यामागचं एक कारण आता आपल्याला समजेल. कायद्याच्या नजरेत ते प्रवासी अजून देशात दाखल झालेले नाहीत. तिथे उतरवायचं तर इमिग्रेशन, कस्टम, सामान सगळं तिथेच उरकावं लागेल. म्हणून ढग सरले की मुंबईलाच नेऊ, असा विचार करून थांबवतात. अशा वेळी दारावर गर्दी करून उपयोग नसतो. पण कुणाची तब्येत बिघडली असेल, तर ते ताबडतोब आणि ठामपणे कर्मचाऱ्यांना सांगा. तिथे संकोच करू नका. कस्टमच्या कायद्यानेच जीवासाठी दार उघडं ठेवलेलं आहे.

विमान चालवणाऱ्याच्या मनात एका भीतीला अजिबात जागा नसावी. ती म्हणजे ‘इथे उतरलो तर दंड होईल, त्यापेक्षा वादळातून पुढेच जाऊ.’ दंड भरता येतो, खुलासाही देता येतो. आणि खरोखर संकटात उतरलेल्या, लगेच कळवणाऱ्या पायलटच्या बाजूने कायदा स्वतः उभा आहे. त्याच्याकडून तो एवढंच मागतो की उतरल्यावर लपू नकोस, आणि सोबतच्यांना घेऊन जागेवर थांब.