सहा दिवसांचं स्टेशन

अशी कल्पना करा, की तुमचं घर नदीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. पूल ओलांडला, की दहा मिनिटांत शाळा! एके दिवशी सकाळी उठून बघता, तर पूलच नाही. 'बरं झालं, सुट्टी!' असं ओरडू नका हं. आईचं ऑफिस, आजीचे डॉक्टर आणि वाण्याचं दुकानही पलीकडेच आहे!

इंग्लंडमधल्या वर्किंग्टन गावावर नोव्हेंबर २००९ मध्ये अशीच वेळ आली. देशाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या गावामधून डरवेंट नदी समुद्राकडे जाते. वरच्या डोंगरांत, सीथवेट इथे, चोवीस तासांत ३१६ मिलिमीटर पाऊस कोसळला. नदीला महापूर आला आणि २० नोव्हेंबरच्या पहाटे नॉर्थसाइड नावाचा पूल कोसळला. बिल बार्कर हे पोलीस तेव्हा पुलावरच्या वाहनांना परत फिरवत होते. इतरांना वाचवताना ते स्वतः वाहून गेले. दुसरा काल्वा पूल पडला नाही, पण इतका खिळखिळा झाला की तोही बंद करावा लागला. मोटारीने पलीकडे जायचं, तर मैलोन्‌मैल वळसा!

मग शाबूत राहिलं काय? रेल्वेचा पूल!

'झालं तर मग, आगगाडीने जा!' असं तुम्ही म्हणाल. पण खरी अडचण पुढेच होती. गावाचं स्टेशन नदीच्या दक्षिणेला. उत्तरेकडच्या लोकांच्या घरांजवळून गाडी धडधडत जायची, पण ती थांबणार कुठे? नुसते रूळ असून भागत नाही. फलाट हवा, जादा डबे हवेत आणि गाडीही वरचेवर हवी.

कायमचा फलाट बांधायचा म्हणजे पाया खणा, काँक्रीट ओता, ते घट्ट होईपर्यंत थांबा. एवढा वेळ होता कुणाकडे? इमारत रंगवताना बाहेरून नळ्यांची परांची बांधतात, ती तुम्ही पाहिली असेल. रेल्वेच्या लोकांनी तीच युक्ती केली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारला, वर फळ्या ठोकल्या, दिवे लावले. सहा दिवसांत स्टेशन तयार! ३० नोव्हेंबरला 'वर्किंग्टन नॉर्थ' सुरूही झालं.

नेहमीच्या गाड्या तिथे थांबू लागल्याच, शिवाय वर्किंग्टन ते मेरीपोर्ट अशी खास जादा गाडी दर तासाला धावू लागली. तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन होतं. का बरं? शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्यात वेळ जातो. इथे चालकाने फक्त दुसऱ्या इंजिनात जाऊन बसायचं, की गाडी परत निघाली! आणि तिकीट? या गाडीला पैसेच नव्हते.

डिसेंबरमध्ये लष्कराने नदीवर पादचारी पूल उभारला. त्याला बार्कर यांचं नाव दिलं गेलं. एप्रिल २०१० मध्ये वाहनांसाठी तात्पुरता पूलही झाला. मग गर्दी ओसरली. मे महिन्यात खास गाडी बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते छोटं स्टेशनही. त्याचं काम झालं होतं!

आता एक करा. आईबाबांना घेऊन आपल्या गावाचा नकाशा काढा आणि त्यातला एकच पूल खोडून टाका. मग शाळेत कसं जाल? दवाखान्यात कसं पोचाल? दुसरी वाट सापडते का, बघा बरं!