८,७६० तासांची ट्यूब

वर्षात ८,७६० तास असतात. ऑफिसातला माणूस त्यातले फार तर अडीच हजार तास ऑफिसात काढतो. इमारतीच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागेत लावलेली ट्यूब मात्र पूर्ण ८,७६० तास कामावर असते. तिला रविवार नाही, दिवाळी नाही, अर्ध्या दिवसाची रजासुद्धा नाही. तिच्याकडे मान वर करून कोणी बघतही नाही.

या ट्यूबचा हिशेब साधा आहे. जुनी जाड ट्यूब ४० वॅटची आणि तिच्या पट्टीतला चोक साधारण १४ वॅट खातो, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्याला ८,७६० ने गुणलं की वर्षाला ४७३ युनिट होतात. व्यावसायिक दर सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये मानला, तर एका ट्यूबचं वर्षाचं बिल ५,६७६ रुपये. खरेदी करताना दहा-वीस रुपयांसाठी आपण दुकानदाराशी घासाघीस करतो आणि नंतर दरवर्षी साडेपाच हजारांची वीज तिला मुकाट्याने पुरवत राहतो.

तो चोकही कधी हातात घेऊन बघावा. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं, वरून रंगाचा थर. आकाराच्या मानाने वजन चांगलंच. चालू पट्टीतला चोक चटका बसावा इतका तापतो आणि शांत खोलीत गुणगुणतोही. ट्यूबमधून वाहणाऱ्या प्रवाहाला आवर घालायचं काम तो करतो, पण उजेड एका काजव्याइतकाही देत नाही. पन्नास हजार चौरस फुटांच्या ऑफिसात अशा हजार पट्ट्या असतील, तर १४ किलोवॅट नुसत्या चोकांत जातात.

आता मोठे आकडे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सात वर्षांत तिच्यातून ३६.७८ कोटी एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारने इतकी प्रचंड मागणी एकगठ्ठा केल्यामुळे २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब घाऊक खरेदीत २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. सरकारी अंदाजानुसार या बल्बांमुळे वर्षाला सुमारे ४,७७८ कोटी युनिट वाचतात आणि विजेची कमाल मागणी ९,५६५ मेगावॅटने घटते. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे जवळजवळ पाच कोयना. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र एक मिनिटही न थांबता वर्षभर पूर्ण क्षमतेने चाललं, तरी त्यातून २,५५८ कोटी युनिटच निघतील. बचतीचा आकडा त्याच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त आहे.

आकडा दिपवणारा आहे खरा, पण तो बल्बांवर वाटून बघितला पाहिजे. ४,७७८ कोटी युनिट भागिले ३६.७८ कोटी बल्ब म्हणजे दर बल्बमागे १३० युनिट. नव्या ९ वॅटच्या बल्बने प्रत्येक घरात जुना ६० वॅटचाच बल्ब हटवला असं मानलं, तर बचत ५१ वॅटची होते. एवढ्या बचतीवर १३० युनिट जमायला तो बल्ब वर्षभर रोज सात तास जळायला हवा. स्वयंपाकघरातला जळेलही. न्हाणीघरातला, जिन्याखालचा, माळ्यावरचा? मला हा अंदाज सढळ हाताने केलेला वाटतो. योजनेचं मोल त्याने कमी होत नाही. बल्ब ३८ रुपयांवर आला, हे एकटं काम दाद देण्याजोगं आहे.

त्या शेजारी रेल्वेचा आकडा ठेवू. मार्च २०१८ पर्यंत रेल्वेने सगळ्या स्थानकांवर एलईडी बसवल्याचं जाहीर केलं. सुमारे २० लाख दिवे आणि वर्षाला अंदाजे २४ कोटी युनिटांची बचत. इथे दर दिव्यामागे १२० युनिट येतात. स्थानकावरचा दिवा रात्रभर म्हणजे बारा तास चालतो असं धरलं, तर दर दिव्यामागची बचत २७ वॅट निघते. हे पटतं. फलाटावरच्या पट्टीतून एवढे वॅट सहज वाचतात, तिथे ६० वॅटचा बल्ब गृहीत धरावा लागत नाही. घरातला बल्ब वॅट वाचवतो, पण तास कुठून आणणार? तास आहेत ते स्थानकांकडे, इस्पितळांकडे, मॉलकडे, ऑफिसांकडे आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या तळघरांकडे.

पन्नास हजार चौरस फुटांच्या त्या ऑफिसाकडे पुन्हा येऊ. २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत ऑफिसच्या दिव्यांसाठी चौरस मीटरला १०.८ वॅटची मर्यादा होती, म्हणजे चौरस फुटाला एक वॅट. आपल्या हजार जुन्या पट्ट्या ५४ किलोवॅट घेतात, म्हणजे त्या मर्यादेच्याही किंचित वर. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या की ३४ किलोवॅट वाचतात. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरून १,०२,००० युनिट, म्हणजे सव्वाबारा लाख रुपये. पट्टी आणि वायरमनची मजुरी मिळून नगाला ३०० रुपये धरले, तर खर्च तीन लाख. तीन महिन्यांत पैसे वसूल.

हिशेब इथे संपत नाही. दिव्याने खाल्लेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते आणि ती बाहेर फेकायला एसीला पुन्हा वीज लागते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे वाचलेले ३४ किलोवॅट हे जवळपास पावणेदहा टन एसीचं काम होतं. पैसे देऊन खोली तापवायची आणि मग पैसे देऊन ती थंड करायची, असा हा उद्योग वर्षानुवर्षं चालू असतो. एसीच्या विजेत आणखी ११ किलोवॅटच्या आसपास वाचतात. शिवाय उच्चदाब ग्राहकाला युनिटांखेरीज मागणी आकारही भरावा लागतो, त्यातही थोडी सूट मिळते.

एवढं असूनही दिवे उगाच जळत का राहतात? कारण उजेड अतोनात स्वस्त झाला आहे. २०१८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले विल्यम नॉर्डहाउस यांनी एक जुना रोमन मातीचा दिवा मिळवून त्यात तिळाचं तेल जाळलं आणि किती उजेड पडतो ते मोजलं. त्या मोजणीवरून केलेल्या त्यांच्या हिशेबाने बॅबिलोनमधल्या मजुराला हजार ल्युमेन-तासांइतक्या उजेडासाठी चाळीसहून अधिक तास राबावं लागे. आज तेवढा उजेड दहा वॅटचा एलईडी तासाभरात देतो आणि त्याला बारा पैशांची वीज लागते. दिवसाला पाचशे रुपये मजुरी धरली, तर ही सात सेकंदांची कमाई. बारा पैशांसाठी खुर्चीतून उठून बटण कोण बंद करणार? म्हणून ते काम माणसावर न सोडता सेन्सरवर सोपवावं.

तळघरात सेन्सर कमाल करतो. ५४ वॅटच्या ट्यूबजागी २० वॅटची एलईडी लावली की ४७३ युनिटांचे १७५ होतात. तिथे कोणी नसताना दिवा पाव तेजावर जाईल आणि दिवसातले सहाच तास पूर्ण तेजाने जळेल अशी सोय केली, तर ७७. ऑफिसातल्या एका पट्टीमागे वर्षाला १०२ युनिट वाचतात, तळघरातल्या एकीमागे ३९६. प्रत्यक्षात सुधारणा सुरू होते ती स्वागतकक्षापासून आणि साहेबांच्या केबिनपासून, कारण तिथे पाहुण्यांना ती दिसते. तळघराचा नंबर ‘पुढच्या टप्प्यात’ येतो आणि तो टप्पा बजेट संपल्यावर उगवतो. मला विचाराल तर हा क्रम सरळ उलटा करावा.

खोक्यावर छापलेल्या ५०,००० तासांचाही अर्थ समजून घ्यावा. ऑफिसात ते सोळा वर्षं पुरतील, तळघरात सहासुद्धा नाहीत. एलईडीचं आयुष्य संपलं, असं बहुतेक वेळा उजेड ७० टक्क्यांवर उतरल्यावर मानतात. दिवा त्यानंतरही मिणमिणत राहतो. त्याआधीच तो बंद पडला, तर गुन्हेगार बहुधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, असतो. म्हणून हमी दिव्याची आणि ड्रायव्हरची, दोन्हींची मागावी. जुन्या पट्टीत नुसती नवी ट्यूब खोचून चोक आत तसाच ठेवू देऊ नये. उतरवलेल्या ट्यूबांमध्ये पारा असतो. त्या भंगारवाल्याच्या गोणीत न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे गेल्या पाहिजेत.

तसंही या ट्यूबांचे दिवस भरले आहेत. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ साली जिनिव्हात ठरवलं की फ्लुओरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. भारत या कराराचा सदस्य आहे. तेव्हा आज ना उद्या तुमच्या इमारतीतही कंत्राटदार कोटेशन घेऊन येईल. त्यात नग, वॅट आणि दर हे रकाने असतीलच. कोणता दिवा वर्षाला किती तास जळतो, हा चौथा रकाना त्याच्याकडून भरून घ्या आणि काम त्या रकान्यातल्या सगळ्यांत मोठ्या आकड्यापासून सुरू करायला सांगा.